रंग राखताना – भाग ४ : आधी बॉनेटवरचा एक चौकोन

मागच्या आठवड्यात गाडी धुऊन, क्ले बार फिरवून रंगावर चिकटलेली घाण काढण्यापर्यंत आपण आलो होतो. आता मशीन हातात घ्यायचं. कोणतं मशीन घ्यावं आणि कोणतं कंपाउंड, असं नवशिका हमखास विचारतो. माझ्या मते त्याआधी ठरवायला हवं ते हे, की कमीत कमी किती घासलं म्हणजे आपलं काम भागेल. कारण पॉलिश हा शब्द ऐकून गाडीला काहीतरी लावायचं आहे असं वाटत असलं, तरी मशीन-पॉलिशमध्ये रंगाचा थर खरवडून निघतो, आणि निघालेला थर परत मिळत नाही.

हा थर किती असतो? आजच्या गाडीवर कारखान्यातच चढलेले सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. तळाला गंज रोखणारा प्रायमर, त्यावर सर्फेसर, मग रंग देणारा बेस कोट आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट. आपलं मशीन चालतं ते फक्त या शेवटच्या थरावर, आणि तो बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. खालच्या रंगाला उन्हापासून वाचवण्याचं कामही त्याचंच. हलक्या पॉलिशने त्यातला एखाद-दोन मायक्रॉन जातो. लोकरी पॅड आणि जाड कंपाउंडने त्याहून बराच जास्त. गाडी दहा-बारा वर्षं वापरायची असेल, तर ही जमापुंजी एका दुपारी उधळून चालणार नाही.

आता चरे पाहू. उन्हात बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल वलयं दिसतात. चरे मात्र गोल नसतात. धुळीने भरलेली गाडी रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसली, की सगळ्या दिशांना बारीक रेघा पडतात. त्यातल्या प्रकाशाला आडव्या येणाऱ्या तेवढ्याच चमकतात, म्हणून आपल्याला वर्तुळ भासतं. मशीन या रेघा बुजवत नाही. भोवतालचा पृष्ठभाग रेघेच्या तळापर्यंत खाली आणतं, आणि रेघेला कडाच उरत नाहीत. म्हणजे चरा जितका खोल, तितका थर खर्च होणार. ज्या चऱ्यात नख अडकतं, तो पूर्ण काढण्याचा नाद सोडावा. कडा थोड्या बोथट केल्या तरी तो नजरेत कमी येतो.

म्हणून टेस्ट स्पॉट. बॉनेटवर साधारण दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन मास्किंग टेपने आखून घ्या. सगळ्यांत मऊ फोम पॅड आणि सगळ्यांत बारीक पॉलिश यांनी सुरुवात करा. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब टाका, मशीन बंद असतानाच ते चौकोनभर टेकवून पसरा, आणि मग कमी वेगावर सुरू करून वेग वाढवा. हात सावकाश चालावा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला असावा. एकदा आडवं झालं की उभं. मग चौकोन पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून उन्हात किंवा टॉर्चखाली पाहा. ही पायरी गाळू नये, कारण पॉलिशमधलं तेल चऱ्यात बसून त्यांना लपवतं आणि नसलेलं यश दिसतं. चरे उरलेच, तर आधी पॅड बदला, मग कंपाउंड. जी जोडी चालली तीच पुढे गाडीभर वापरायची. पॅडवर गाडीचाच रंग उतरू लागला, तर वर क्लिअर कोट नाही असं समजून अधिकच जपून चालावं.

यावर आक्षेप येतो, की गॅरेजमधला कारागीर ‘रबिंग’ करून तासाभरात गाडी चकाचक करून देतो, मग हा खटाटोप कशाला? त्याच्या हातात रोटरी मशीन असतं, आणि सरावलेल्या हातात ते खरोखर वेगाने चांगलं काम करतं. पण रोटरी एकाच अक्षावर फिरते, उष्णता एका जागी साठते, आणि दरवाजाच्या कडेला किंवा बॉनेटच्या उठावाच्या रेषेवर, जिथे थर मुळातच पातळ असतो, क्षणभर रेंगाळली तर रंग जळतो. नवशिक्यासाठी डीए (ड्युअल अ‍ॅक्शन) मशीन बरं. त्यात पॅड फिरताना झोकेही घेतो, आणि जास्त दाबलं तर तो फिरायचाच थांबतो. पॅड जिच्यावर बसतो त्या बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक रेघ ओढली, की पॅड फिरतोय की नुसता थरथरतोय हे चालत्या कामात कळतं. वेळ जास्त लागतो, हे खरं. पण तासाभरात झालेल्या रबिंगमध्ये किती थर गेला हे कोणी मोजत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जाडी मोजणारं यंत्र नसताना टेस्ट स्पॉटवर भरवसा कसा ठेवायचा? यंत्र असलेलं चांगलंच. आधी दुसऱ्यांदा रंगवलेले भाग त्यात लगेच उघडे पडतात. मात्र नेहमीचं यंत्र सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवतं, क्लिअर कोटची वेगळी नाही, आणि प्लास्टिकच्या बंपरवर ते चालतच नाही. त्यामुळे यंत्र असो वा नसो, मऊ जोडीपासून चढत जाण्याला पर्याय उरत नाही. आणि जिथे क्लिअर कोट पापुद्र्यांनी सुटू लागलाय, छपरावर पांढुरके डाग पसरलेत, तिथे घासायला काही शिल्लकच नसतं. तो भाग पेंटरकडे न्यावा लागतो, आणि बाकीच्या गाडीवर मशीन लावायचं ते त्या भागाच्या कडेपासून वीतभर अंतर सोडून. पॉलिश झालेल्या रंगावर मेण लावावं, सीलंट की सिरॅमिक कोटिंग, ते पुढच्या भागात.