चालकाचा काळा चष्मा

नागपूरहून दुपारी मोटारीने मुंबईकडे निघालेल्या प्रवाशास समृद्धी महामार्गावर उत्तरोत्तर जाचक होत जाणारा सोबती भेटतो, तो म्हणजे मावळतीकडे झुकणारा सूर्य. ७०१ किलोमीटर लांबीचा हा रस्ता एकंदरीत पूर्व-पश्चिम रोखाने आखलेला असल्यामुळे सकाळी नागपूरकडे जाणाऱ्याच्या आणि सायंकाळी मुंबईकडे येणाऱ्याच्या ऐन नजरेसमोर सूर्यबिंब उभे राहते. आपल्या अक्षांशावर विषुवदिनाच्या सुमारास मावळता सूर्य तासाला सुमारे १४ अंश खाली उतरतो. क्षितिजापासून १५ अंशांवर आलेला सूर्य बुडेपर्यंत तासाहून अधिक वेळ जातो, आणि तेवढ्या अवधीत ताशी १२० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एखादा जिल्हा सहज ओलांडून जाते. या वेगात एका सेकंदाला सुमारे ३३ मीटर अंतर कापले जाते, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे दोन सेकंद डोळे दिपल्यास केवढा रस्ता न पाहताच मागे पडतो, याचा हिशेब वेगळा मांडण्याची गरज राहत नाही.

यावर सर्वांना ठाऊक असलेला इलाज म्हणजे गॉगल. मात्र तो नेमके काय करतो आणि काय करू शकत नाही, याचे तारतम्य घेणाऱ्याला आणि पुष्कळदा विकणाऱ्यालाही नसते. काच जितकी काळी तितकी नजर सुरक्षित, असा सार्वत्रिक समज आहे. परंतु डोळ्यांना बरे वाटणे आणि डोळ्यांना अधिक दिसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि चालकाचा संबंध मुख्यत्वेकरून दुसरीशी आहे.

डोळे दिपतात म्हणजे काय होते, ते प्रथम पाहू. समोरून येणारा प्रखर प्रकाश डोळ्यातील पारदर्शक पडद्यांतून आणि भिंगातून आत जाताना सर्वच्या सर्व एका ठिकाणी केंद्रित होत नाही. त्याचा काही अंश विखुरतो आणि दृष्टिपटलावर एक पांढुरके आवरण पसरवतो. या आवरणाखाली रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या मातकट कपड्यांतील माणसाचा उठाव नाहीसा होतो. तो असतो, पण दिसत नाही. वय वाढते तसा हा विखुरलेला अंश वाढत जातो, आणि मोतीबिंदूची सुरुवात झालेल्या चालकास तर तो फारच भोवतो. प्रखर प्रकाश नजरेच्या रेषेपासून जितका दूर, तितका हा उपद्रव झपाट्याने घटतो: अंतर दहा अंशांचे वीस अंश झाले, तर तो सुमारे चौथ्या हिश्शावर येतो.

आता साधी काळी काच या अवस्थेत काय करते? जुन्या जकात नाक्यावरील आळशी कारकून माल न तपासताच प्रत्येक गाडीकडून सारखाच हिस्सा वसूल करीत असेल, तर त्याचा जो न्याय, तोच या काचेचा. सूर्याचा प्रकाश ती कमी करते, आणि त्या पादचाऱ्यावरून येणारा प्रकाशही त्याच प्रमाणात कमी करते. आवरण आणि त्याखालचे चित्र दोन्ही सारखीच मंद होतात. डोळ्यांची जळजळ थांबते, कपाळावरील आठी उतरते, थकवा कमी येतो. हे लाभ उपेक्षणीय नव्हेत. पण बुडालेला उठाव मात्र वर येत नाही.

माल पाहून हिस्सा घेणारी काचही आहे, आणि तिचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १८०८ साली पॅरिसमध्ये एत्येन लुई मालूस या फ्रेंच शास्त्रज्ञाने लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित होणारा मावळत्या सूर्याचा प्रकाश एका स्फटिकातून पाहिला, आणि स्फटिक फिरवताच त्याची प्रखरता बदलते असे त्यास आढळून आले. सपाट पृष्ठभागावरून उसळलेल्या प्रकाशलहरी बहुतांशी एकाच प्रतलात कंप पावतात. असा प्रकाश ध्रुवित म्हटला जातो. १८१५ साली डेव्हिड ब्रूस्टरने याचा नियम बसवला. पाण्याच्या बाबतीत लंबाशी सुमारे ५३ अंशांच्या कोनात आलेला प्रकाश परावर्तनानंतर पूर्णपणे ध्रुवित होतो, आणि काचेच्या बाबतीत हा कोन सुमारे ५६ अंशांचा आहे. याच गुणधर्माचा उपयोग करून १९२१ साली विलायतेहून परतताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी ‘नारकुंडा’ जहाजावरून, डोळ्यांपुढे निकोलचा लोलक धरून, समुद्राच्या पृष्ठभागावरील चकाकी दूर सारली आणि पाण्याची निळाई हे निव्वळ आकाशाचे प्रतिबिंब नव्हे, हे ताडले.

स्फटिकाचा लोलक काही नाकावर चढवता येत नाही. ती अडचण दूर केली एडविन लँड या अमेरिकन संशोधकाने. १९२९ साली त्याने ध्रुवक पत्र्याच्या एकस्वासाठी अर्ज केला आणि १९३७ साली ‘पोलरॉइड’ कंपनी स्थापन केली. समोरून येणाऱ्या मोटारींच्या दिव्यांनी चालकाचे डोळे दिपू नयेत, ही त्याची मूळ आकांक्षा होती. दिव्यांसंबंधीची ती तजवीज मोटार कारखानदारांनी काही मनावर घेतली नाही. पण त्याचा पत्रा चष्म्यात मात्र कायमचा जाऊन बसला.

हा चष्मा मोटारीत कोठे उपयोगी पडतो, ते उन्हात उभ्या गाडीत बसल्यावर ताबडतोब कळते. डॅशबोर्डवर टोलची पावती, वर्तमानपत्र किंवा पांढरे कापड पडलेले असले, की त्याचे फिकट प्रतिबिंब पुढच्या काचेत, ऐन रस्त्यावर तरंगताना दिसते. आधुनिक गाड्यांच्या काचेचा उतार असा असतो, की हे प्रतिबिंब ब्रूस्टरच्या कोनाच्या जवळपास परावर्तित होऊन डोळ्यांकडे येते. त्यामुळे ध्रुवक चष्मा लावताच ते जवळजवळ पुसले जाते आणि काढताच पुन्हा उमटते. ओल्या रस्त्यावरील आणि पुढच्या गाडीच्या टपावरील चकाकीही तो अशीच छाटतो. परंतु सूर्याचा थेट प्रकाश ध्रुवित नसतो, आणि सूर्य क्षितिजाला टेकू लागला म्हणजे रस्त्यावरून निसटत्या कोनात येणारी चकाकीही फारशी ध्रुवित राहत नाही. सबब, ज्या घटकेस चालकाला त्याची सर्वाधिक गरज भासते, त्याच घटकेस या चष्म्याचा अंमल ढिला पडतो.

खरेदी करताना काही गोष्टींची खातरजमा करून घ्यावी. काळ्या चष्म्यांचे आंतरराष्ट्रीय मानकानुसार ० ते ४ असे वर्ग असतात. वर्ग २ ची काच १८ ते ४३ टक्के, तर वर्ग ३ ची ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडते. वर्ग ४ हा ८ टक्क्यांहूनही कमी प्रकाश सोडणारा असून वाहन चालवण्यास वर्ज्य आहे. गाडीच्या पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत आला पाहिजे असा आपला नियम आहे. त्या ७० टक्क्यांवर १५ टक्क्यांचा गॉगल चढवला, की डोळ्यांपर्यंत दहा-साडेदहा टक्केच उरतात. काचेचा रंग राखाडी किंवा तपकिरी असावा, म्हणजे सिग्नलच्या रंगांचा विपर्यास होत नाही. काड्या रुंद असू नयेत. बाजूने ओव्हरटेक करणारी दुचाकी त्यांच्याआड लपते. उन्हात आपोआप काळी पडणारी काच पुष्कळांना सोयीची वाटते. पण तिला काळे करणारे अतिनील किरण गाडीची पुढची काच बव्हंशी अडवते, त्यामुळे मोटारीत ती जेमतेमच रंग धरते. दुकानातील चष्मा खरोखरच ध्रुवक आहे की काय, याची रुजुवात सोपी आहे: काउंटरच्या काचेवरील चमक त्यातून पाहावी आणि चष्मा हळूहळू चतकोर वळवावा, चमक कमी-जास्त झाली तर माल खरा, अन्यथा ती साधी काळी काच.

आणि चष्मा केव्हा काढावा, हेही तितकेच महत्त्वाचे. इगतपुरीनजीकच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यात शिरताना बाहुली तत्काळ विस्फारते, पण दृष्टिपटलास अंधाराशी जुळवून घेण्यास काही मिनिटे लागतात. तेथे डोळ्यांवर गॉगल तसाच राहिला, तर पुढच्या ट्रकचा मंद दिवा दिसण्यास विलंब होतो. रात्रीसाठी म्हणून पदपथावर विकले जाणारे पिवळे चष्मेही आधीच अपुरा असलेला प्रकाश आणखी घटवतात.

चष्म्याच्या मर्यादा ध्यानी आल्या, म्हणजे उपायांचा क्रमही आपसूक ठरतो. पुढची काच आतून-बाहेरून स्वच्छ असावी, कारण तिच्यावरील धुळीचा प्रत्येक कण आणि झिजलेल्या वायपरने उठवलेला प्रत्येक ओरखडा तिरप्या उन्हात उजळून निघतो आणि डोळ्यांपुढील आवरणात स्वतःची भर घालतो. सूर्यापुरती वरची झडप खाली ओढावी, कारण चित्र मंद न करता केवळ उपद्रवी प्रकाशच अडवणारे तेवढे एकच साधन आहे. डॅशबोर्ड मोकळा आणि गडद ठेवावा. या सर्वांनंतर चष्मा. इतके करूनही समोरचे दिसेनासे झाले, तर वेग कमी करावा आणि पुढच्या गाडीपासूनचे अंतर वाढवावे. सोय असेल तेथे थांबून एक चहा घ्यावा, कारण सूर्य अर्ध्या तासात सात अंश उतरतो आणि तेवढ्या अवधीत पुष्कळदा प्रश्न आपोआपच निकालात निघतो.