वैद्यकीय शपथ

वैद्यकाच्या शिक्षणास अथवा व्यवसायास प्रारंभ करताना रुग्ण, गुरू व समाज यांच्याविषयीची कर्तव्ये पाळण्याची जी प्रतिज्ञा घेतली जाते, तिला वैद्यकीय शपथ म्हणतात. रुग्णाला वैद्याच्या ज्ञानाची पारख करता येत नाही. तरीही आपले शरीर व गुपिते त्याच्या स्वाधीन करावी लागतात. या विषम नात्यात वैद्याने स्वतःवर घालून घेतलेले बंधन, हा शपथेचा मूलार्थ होय.

पाश्चात्त्य परंपरेतील शपथ ग्रीक वैद्य हिपॉक्राटीझ (इ. स. पू. सु. ४६०–३७०) याच्या नावाने ओळखली जाते, तथापि ती त्यानेच रचली, याविषयी विद्वानांत मतैक्य नाही. अपोलो, अस्क्लीपिअस इ. देवतांच्या साक्षीने घ्यावयाच्या या शपथेत गुरूला पित्यासमान मानणे, कोणालाही विष न देणे व रुग्णाची गुपिते न फोडणे ही बंधने आहेत. ‘प्रथम अपाय करू नये’ हे सुप्रसिद्ध वचन मात्र तीत त्या शब्दांत आढळत नाही.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याला अग्नीच्या साक्षीने करावयाचा उपदेश आला आहे. स्वतःच्या जिवावर बेतले तरी रुग्णाचा द्रोह न करणे, परस्त्री व परधन यांची अभिलाषा न धरणे आणि रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर न सांगणे, हे त्याचे सार होय. तथापि राजाचा रोष ओढवलेले, अतिदुष्ट व मरणोन्मुख रुग्ण, तसेच पती अथवा पालक जवळ नसलेल्या स्त्रिया यांना औषध देऊ नये, असेही तेथे सांगितले आहे. म्हणजे स्वीकारलेल्या रुग्णाशी निष्ठा होती. परंतु प्रत्येक रुग्णाला स्वीकारण्याचे बंधन नव्हते.

ही उणीव आधुनिक काळात प्रकर्षाने जाणवली. नाझी डॉक्टरांनी बंदिवानांवर केलेले अमानुष प्रयोग न्यूरेंबर्ग येथील खटल्यात (१९४६–४७) उघडकीस आले. त्यानंतर जागतिक वैद्यकीय संघाने १९४८ मध्ये जिनीव्हा येथे नवी प्रतिज्ञा स्वीकारली. धर्म, वंश, राष्ट्रीयत्व, पक्ष वा सामाजिक दर्जा यांचा विचार रुग्णसेवेच्या आड येऊ न देणे, हे तिचे प्रमुख सूत्र होय. २०१७ च्या सुधारणेत रुग्णाच्या स्वायत्ततेचाही समावेश झाला.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारविषयक विनियमांतील घोषणापत्रात हेच सूत्र आले आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये वैद्यकशिक्षणाच्या प्रारंभी सुधारित चरक-शपथ घेण्याची शिफारस केली. तीवरून वादही झाला.

शपथ हा स्वतः कायदा नव्हे. व्यावसायिक गैरवर्तनाची चौकशी राज्यातील वैद्यक परिषद करते. जखमीचा जीव वाचविण्यासाठी तत्काळ उपचार करणे हे शासकीय व खाजगी अशा सर्वच डॉक्टरांचे कर्तव्य असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये दिला. या कर्तव्याचे महत्त्व आपत्तीच्या वेळी विशेष प्रत्ययास येते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी औसा तालुक्यातील (जि. लातूर) किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात हजारो लोक मृत्युमुखी पडले व हजारो जखमी झाले. अशा प्रसंगी जखमीची जात, ऐपत वा ओळख नव्हे, तर केवळ त्याच्या दुखापतीची निकड पाहून उपचारांचा क्रम ठरविणे, हाच शपथेचा व्यवहारातील अर्थ होय.