सुक्या मासळीच्या धंद्यातील बिनपगारी कामगार

सदरच्या मंगळवारी बाजारातून सुका बोंबील, जवळा किंवा सुकट घेणाऱ्या आणि विकणाऱ्या आपल्या बांधवांपैकी अनेकांनी समुद्र पाहिलेलाही नसेल. मुंबई येथून सुमारे आठशे किलोमीटर दूर. तरीही या मालाच्या हिशेबात एक कामगार असा आहे, ज्याला कोणी मजुरी देत नाही. तो म्हणजे कुरव पक्षी. लोक त्याला सीगल म्हणतात.

कुरव हा कोकणचा पाहुणा आहे. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख, तिबेट व मध्य आशियातील सरोवरांकाठी घरटी करतो, तर काही मोठ्या जाती रशियाच्या उत्तर भागातून येतात. हिवाळ्याच्या सुरुवातीला ते किनाऱ्यावर उतरतात व उन्हाळा वाढू लागला की परततात. ऐन मासेमारीच्या हंगामात ते हजर असतात.

रत्नागिरीचे मिरकरवाडा, दापोलीजवळचे हर्णै, मुंबईचा 1875 साली सुरू झालेला ससून डॉक, कोठेही पाहा. होड्या लागल्या की मासळी निवडली जाते आणि टाकाऊ भाग मागे राहतो. कुरव, घारी व कावळे तो फस्त करतात. हाच भाग कुजला तर त्यावर माश्या वाढतात, आणि त्याच माश्या वाळत घातलेल्या मासळीत अंडी घालतात. अळी पडलेल्या मालाचे नुकसान शेवटी दुकानदाराच्या गल्ल्यातून जाते.

दुसरे काम खबर देण्याचे. पाण्यावर कुरवांचा थवा घिरट्या घालू लागला की खाली मासळीचा थवा आहे, हे मच्छीमार ओळखतो. रत्नागिरी किनाऱ्यावरील दालदी मुसलमान बांधव पिढ्यान्‌पिढ्या याच व्यवसायात आहेत. तिसरे काम, विष्ठेतून खाडीला व खारफुटीला खत देण्याचे. त्याच खारफुटीत कोळंबीची व अनेक माशांची पिल्ले वाढतात. कुरव वाळत्या मासळीवरही चोच मारतो, हे खरे. त्याला वर जाळे टाकणे हा साधा इलाज आहे.

फुकटच्या कामगाराची किंमत चामडे व हाडांच्या व्यापाऱ्यांना वेगळी सांगायला नको. कातडे काढल्यावर गिधाडे सांगाडा साफ करीत आणि हाडे गोळा करणाऱ्याला स्वच्छ माल मिळे. 1990 नंतर गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध त्याला कारण असल्याचे 2004 मध्ये सिद्ध झाले आणि 2006 मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तोवर मेलेली जनावरे उघड्यावर कुजत राहिली आणि त्यांवर भटकी कुत्री पोसली गेली.

कुरवाची तशी गत होऊ नये यासाठी व्यापाऱ्याच्या हातात बरेच आहे. महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये 54 जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरविला. त्याहून लहान माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. पिल्लेच संपली तर कुरवही उपाशी आणि पुढच्या वर्षी दुकानही रिकामे. कोकणात फिरायला गेल्यास कुरवांना शेव-गाठ्या टाकू नयेत, तळलेले खाणे त्यांचे अन्न नव्हे. प्लॅस्टिकच्या पिशव्या किनाऱ्यावर सोडू नयेत.

हलाल रोजीत ज्याचा ज्याचा हात लागतो, त्याचा हक्क ओळखणे हाही व्यापारातील इमानच आहे.