यान हवेत, पाय टेबलावर

टेबलावर खेळायच्या छोट्या अंतराळयानांमध्ये सगळं कौतुक यानाचं होतं. खालच्या बेसकडे कुणी बघत नाही. मीही बघत नव्हते. मग एक दिवस माझं धातूचं यान कलंडलं आणि दोन रात्री जागून दिलेल्या रंगाचा टवका उडाला.

बेस निवडताना आधी खेळ बघा. 'एक्स-विंग'मध्ये लहान यानाचा बेस ४० मिलिमीटरचा चौकोन असतो, मोठ्याचा ८० मिलिमीटरचा. तिथे अंतर बेसच्या कडेपासून मोजतात, त्यामुळे आकार बदलला की खेळच बिघडतो. 'बॅटलफ्लीट गॉथिक'मध्ये अंतर मधल्या दांडीपासून मोजतात. तिथे दांडी मध्यावरून हलवायची नाही.

मग तोल कसा सावरायचा? यान बोटावर ठेवून पाहा. जिथे ते स्थिर राहील तिथेच दांडी लावा. बेसखाली लोखंडी वॉशर चिकटवा, म्हणजे वजन खाली येतं. दांडीच्या टोकाला आणि यानाच्या पोटाला छोटे चुंबक बसवा, पण चिकटवण्याआधी ध्रुव तपासा, नाहीतर ते एकमेकांना ढकलतील. मग तेच यान खेळताना नियमाच्या बेसवर आणि शोकेसमध्ये लाकडी बेसवर बसतं.

माझ्या यानाचा टवका मी बुजवला नाही. लढाईतून परतल्यासारखं दिसतं ना!