काढ्याआधी उणीव भरून काढा

२०२२च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ पसरली आणि तिचा मोठा तडाखा घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यालगतच्या गोवंडीला बसला. तिथल्या वस्त्यांमधल्या मुलांना लसीबरोबरच अ जीवनसत्त्वाचे डोसही पाजले गेले. हे जीवनसत्त्व कमी पडले की श्वासनलिकेचे आणि आतड्याचे अस्तर कमकुवत होते, डोळ्यांना इजा होते आणि त्यात गोवर आला तर अंधत्वाचा, प्रसंगी मृत्यूचाही धोका वाढतो. म्हणूनच गोवर झालेल्या मुलाला लागोपाठ दोन दिवस हा डोस द्यावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. खाऊनपिऊन धडधाकट असलेल्या माणसाने तोच डोस घेतला तर मात्र त्याच्या पदरात काही पडत नाही. उलट हे जीवनसत्त्व यकृतात साठते आणि अती झाले की अपाय करते. साथीच्या दिवसांत प्रतिकारशक्तीच्या नावाने कानावर येणारा प्रत्येक सल्ला याच कसोटीवर घासून पाहता येतो. शरीरात उणीव असेल तर ती भरून काढल्याने मोठा लाभ होतो. उणीवच नसेल तर वरून ओतलेले बहुतेक वाया जाते.

याचे कारण प्रतिकारयंत्रणेच्या कामकाजात आहे. विषाणू शिरल्यावर तिची पहिली फळी काही तासांत कामाला लागते. ताप, अंगदुखी, वाहणारे नाक ही बरीचशी तिच्याच कामाची लक्षणे. नेमका तोच विषाणू ओळखणाऱ्या पेशी आणि प्रतिपिंडे तयार व्हायला पुढे काही दिवस जातात. ही यंत्रणा जितकी भडकेल तितके बरे, असे मुळीच नाही. कोविडच्या पहिल्या वर्षी ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टिरॉइड दिले, तेव्हा त्यांच्यातले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. हे औषध प्रतिकारयंत्रणेला आवर घालते. ज्यांना ऑक्सिजनचीही गरज नव्हती, अशांना त्याचा फायदा झाला नाही. म्हणजे शरीराला हवा असतो तो वेळेवर आणि बेताचा प्रतिसाद, आणि चांगल्या सवयी तोच सांभाळतात.

झोपेचा पुरावा यात सर्वांत बोलका आहे. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात १६४ निरोगी स्वयंसेवकांची झोप मनगटावरच्या यंत्राने आठवडाभर मोजली आणि मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले. रात्री सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक निघाली. क जीवनसत्त्वाचे उलट झाले. आजवरच्या चाचण्यांचा एकत्रित हिशेब सांगतो की, रोज गोळी घेणाऱ्या सर्वसामान्य माणसांच्या सर्दीची वारंवारता घटत नाही. प्रौढांतला आजार जेमतेम आठ टक्क्यांनी आखडतो. मॅरेथॉन धावपटू, कडाक्याच्या थंडीत कष्ट करणारे सैनिक अशांमध्ये मात्र सर्दीचे प्रमाण निम्म्यावर आले, कारण तिथे शरीराची ओढाताणच तशी होती. ड जीवनसत्त्वाच्या २०१७च्या विश्लेषणातही सर्वाधिक लाभ दिसला तो ज्यांच्या रक्तात ते फारच कमी होते त्यांना. आपल्याकडचा भक्कम दाखला क्षयाचा आहे. क्षय जिवाणूचा, पण मुद्दा तोच. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना जादा शिधा आणि जीवनसत्त्वे दिल्यावर त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले, असे २०२३मध्ये जाहीर झाले. अर्धपोटी माणसाच्या ताटात पडलेल्या डाळीने जे केले, ते भरल्या पोटी घेतलेल्या कॅप्सूलकडून होणार नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: फायदा नसेल, पण तोटा तरी काय? आले-तुळशीचा कपभर काढा घशाला बरा वाटतो, त्याला कोणाची हरकत नसावी. पण बेतालपणे घेतलेले प्रत्येक ‘इम्युनिटी बूस्टर’ निरुपद्रवी नसते. २०२० सालच्या शेवटच्या चार महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. वनस्पतीची ओळख पुरती पटवलेली नाही, गुळवेलीसारखीच दुसरी वेल असू शकते, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. पण सामान्य ग्राहकाला बाजारातल्या पुडीत नेमके काय आहे हे कळणार नसेल, तर तो आक्षेपही सावधगिरीच्याच बाजूने बोलतो. त्यानंतर देशातल्या अनेक केंद्रांतून अशा ४३ रुग्णांचा अभ्यास पुढे आला. त्यात स्वतःच्याच यकृतावर उलटलेल्या प्रतिकारयंत्रणेच्या खुणा दिसल्या.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. घाटकोपरात राहणाऱ्याला आठ तास झोपा असे सांगणे म्हणजे थट्टाच नव्हे का? मध्य रेल्वेची लोकल आणि वर्सोव्याची मेट्रो जिथे एकमेकींना मिळतात, त्या स्थानकावर कामावर जाणाऱ्याची पहाट आणि परतणाऱ्याची रात्र दोन्ही खर्ची पडतात. असल्फाच्या डोंगरावर किंवा रमाबाई नगरात एका खोलीत पाच-सहा जण झोपतात, तिथे शांत झोप आणि खेळती हवा या इच्छाशक्तीच्या बाबी राहत नाहीत. जुलै २०२०मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत प्रतिपिंडांचे सर्वेक्षण झाले. त्यात घाटकोपरला लागून असलेला चेंबूरचा एम-पश्चिमही होता. झोपडपट्टीत ५७ टक्के, तर इतरत्र १६ टक्के लोकांना कोविडचा संसर्ग होऊन गेलेला आढळला. ही तफावत काढा कोण पितो यावरून पडलेली नव्हती. दाटी आणि सामाईक संडासांनी ती पाडली. त्यामुळे सवयींचा सगळा भार व्यक्तीवर टाकणे अन्यायाचे आहे. पगारी आजारी रजा, शिधावाटपात मिळणारी डाळ, वस्तीतले नळाचे पाणी हीसुद्धा प्रतिकारशक्तीचीच साधने आहेत.

म्हणून साथ दाराशी आल्यावर काहीच हातात नसते असे नाही. कामांचा क्रम मात्र बदलायला हवा. नेमक्या विषाणूची ओळख शरीराला आजाराविना करून देणारे साधन एकच, ते म्हणजे लस. तिच्या आसपासची झोपही मोलाची असते: २००२मधल्या एका छोट्या प्रयोगात रोज चारच तास झोपू दिलेल्या तरुणांमध्ये फ्लूच्या लशीनंतर दहाव्या दिवशी निम्म्याहून कमी प्रतिपिंडे सापडली, पण पुरेशी झोप मिळाल्यावर काही आठवड्यांत ती तफावत भरून निघाली. मधुमेह असलेल्याने साखर ताब्यात ठेवणे हे कोणत्याही चूर्णाहून मोठे काम आहे. २०२१मध्ये महाराष्ट्राला छळलेल्या म्युकरमायकोसिसने बेताल साखर आणि अनिर्बंध स्टिरॉइड यांची किंमत दाखवून दिली. ताप असताना घरी थांबणे, गर्दीत मास्क लावणे, खिडकी उघडी ठेवणे यांनी विषाणूची मात्राच घटते. आणि बाटलीवर पैसे टाकण्याआधी स्वतःला विचारावे: माझ्यात कमी काय आहे, झोप, प्रथिने, चालणे की लशीचा राहिलेला डोस? उत्तर मिळाले की पैसे आणि कष्ट तिथे घालावेत. ती उणीव भरून काढणे घरच्याघरी जमत नसेल, तर तो प्रश्न औषधाच्या दुकानात सुटणार नाही. तो वॉर्ड ऑफिसात आणि कामाच्या ठिकाणी विचारावा लागेल.