दोन टक्क्यांचे दुखणे

त्वचारोग अंगावर किती पसरला आहे, हे मोजायचे माप रुग्ण स्वतःच सोबत घेऊन येतो. बोटांसकट त्याचा तळहात म्हणजे त्याच्या एकूण कातडीचा साधारण १ टक्का. पाठीवरच्या चट्ट्यांनी पाच तळहातांएवढी जागा व्यापली असेल, तर रोग ५ टक्के. डॉक्टर आकडा लिहून ठेवतात आणि पुढच्या खेपेला तो वाढला की घटला, ते पाहतात.

आता हेच माप काजू फोडणाऱ्या बाईला लावून पाहू. गोव्यातल्या पेडणे आणि डिचोलीच्या डोंगरउतारांवर काजूची झाडे आहेत, बिया फोडण्याचे काम बहुतेक बायकांच्याच हातचे. काजूच्या टरफलात काळपट, चिकट तेल असते. त्यातली अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल ही द्रव्ये कातडी भाजून काढतात. काजू हा बिब्ब्याचाच भाऊबंद. बिब्बा उतला की काय हाल होतात ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अधिक सांगायला नको. हाताला राख किंवा तेल चोळून कितीही जपले, तरी तळवे काळे पडतात, सोलवटतात, भेगाळतात.

अशा बाईचे दोन्ही तळवे सोलवटले, तर मापाप्रमाणे तिचा रोग किती? २ टक्के. नोंदवहीत ‘किरकोळ’. पण त्याच हातांनी तिला बांगडे साफ करून मीठ लावायचे असते, भांडी घासायची असतात, मिरची वाटायची असते आणि आंबट-तिखट हुमण भातात कालवून जेवायचेही असते. दुसऱ्या दिवशी पुन्हा बिया फोडायच्या, कारण हात थांबला की मजुरी थांबली. या २ टक्क्यांत तिचा सगळा दिवस येतो.

कातडीवरचा रोग आणि जगण्यातला रोग यांचे माप वेगळे असते, हे वेल्समधल्या कार्डिफच्या त्वचारोगतज्ज्ञांनी हेरले. अँड्र्यू फिनले आणि जी. के. खान यांनी १२० रुग्णांना विचारले, की या आजाराने तुमचे नेमके काय बिघडले आहे? त्या उत्तरांतून १९९४ मध्ये दहा प्रश्नांची एक यादी तयार झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘डीएलक्यूआय’ म्हणून ओळखली जाते. मराठीत तिला त्वचारोगाचा जीवनमान निर्देशांक म्हणता येईल. ती भरायला दोन-तीन मिनिटे पुरतात.

प्रश्न गेल्या आठवड्यापुरतेच असतात. खाज, आग, दुखणे किती होते? चारचौघांत अवघडल्यासारखे झाले का? बाजारहाट, घरकाम, बागकाम अडले का? कपडे निवडताना आजाराचा विचार करावा लागला का? लोकांत मिसळणे, खेळणे, कामाला किंवा शिकायला जाणे, जोडीदाराशी आणि जवळच्या माणसांशी असलेले संबंध, लैंगिक आयुष्य यांत अडचण आली का? आणि शेवटी, उपचाराचाच त्रास झाला का? म्हणजे घरात घाण-पसारा होणे, वेळ जाणे वगैरे. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण ३०. ० किंवा १ म्हणजे परिणाम नाही. २ ते ५ थोडा, ६ ते १० मध्यम, ११ ते २० फार मोठा आणि २१ पासून पुढे अतोनात.

आपल्या काजूवाल्या बाईची बेरीज करू. आग आणि दुखणे ३. हात लपवावेसे वाटणे २. घरकाम ३. काही दिवस कामावर जाताच आले नाही, त्याचे ३. शेजारच्या हळदीकुंकवाला जाणे टाळले १. घरच्यांशी चिडचिड १. मलम लावून घरात वावरण्याची कटकट १. बाकीचे तीन प्रश्न शून्य. बेरीज १४. कातडीवर २ टक्के आणि जगण्यावर ‘फार मोठा परिणाम’. उदाहरण कल्पित आहे, पण गणित खरे आहे. सोरायसिसच्या बाबतीत फिनले यांनी २००५ मध्ये ‘दहाचा नियम’ सुचवला. १० टक्क्यांहून अधिक कातडी व्यापली असेल, किंवा सोरायसिसचा तीव्रता निर्देशांक १० च्या वर असेल, किंवा या यादीतले गुण १० च्या वर असतील, तर आजार तीव्र समजावा. या तिघांपैकी कोणतेही एक पुरे. रुग्णाच्या तोंडच्या तक्रारीला अशा रीतीने डॉक्टरांच्या मोजपट्टीएवढे वजन आले.

तरीही ही यादी इथल्या मातीत आणली की तिच्या भेगा दिसू लागतात. खेळात अडचण आली का, असे पन्नाशीच्या शेतकरणीला विचारले तर ती हसेल. ‘लागू नाही’ असे उत्तर आले की गुण शून्य. म्हणजे जो प्रश्न तिच्यासाठी नव्हताच, तो तिचा त्रास कमी करून दाखवतो. लैंगिक आयुष्याच्या प्रश्नाचे तेच. सासू शेजारी बसलेली असताना त्याचे खरे उत्तर कोण देईल? उलट कुळागरात शिंपणे, चिखलात लावणी करणे, शिगम्याच्या मेळात नाचणे, चतुर्थीला घरभर पाहुण्यांना वाढणे हे प्रश्न यादीत नाहीत, आणि इथे आयुष्य अडते ते नेमके अशा ठिकाणी.

भाषांतराचीही गंमत आहे. दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचे, मग मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यांनी ते परत इंग्रजीत आणायचे, अशी शिस्त त्यासाठी पाळली जाते. पण ‘लाज वाटली का’ आणि ‘संकोच वाटला का’ हे एकच प्रश्न नव्हेत. लाज वाटते ती काही चुकल्यावर. कोड आलेल्या मुलीचे काय चुकले असते? तिला खाज नसते, दुखत नसते, कामही अडत नाही. दहापैकी बरेच प्रश्न शून्यावर जातात आणि पाहायला आलेल्या मंडळींनी निरोपच पाठवला नाही, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘नितळ’ या चित्रपटाचा विषय हाच होता. भावनांचे माप अधिक बारकाईने घेणारी ‘स्किनडेक्स’सारखी प्रश्नावली म्हणूनच सोबत वापरली जाते.

कुष्ठरोगाचे तर याहून विचित्र. त्याच्या चट्ट्याला संवेदनाच नसते, त्यामुळे पहिल्याच प्रश्नाला शून्य मिळू शकते. या रोगावर एकोणिसाव्या शतकात मुंबईत ज्यांनी कडू कवठाच्या बियांच्या तेलाचे उपचार करून पाहिले, ते डॉ. भाऊ दाजी लाड मूळचे पेडण्यातल्या मांद्र्याचे. १८५१ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले ते पदवीधर. आज बहुविध औषधोपचाराने हा रोग सहा महिने ते वर्षभरात बरा होतो. चट्टा गेला तरी गावातली कुजबूज लगेच जात नाही, आणि रोग बरा झाल्यावरही जीवनमान मोजावे लागते ते त्यासाठीच.

या यादीचा आणखी एक सापळा पावसाळ्यातला. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, मग जांघेत, कमरेला नायटा आणि पायांच्या बोटांत चिखल्या. कुणीतरी सांगितलेले स्टिरॉइडमिश्रित मलम लावले, की दोन दिवसांत खाज थांबते. ‘गेल्या आठवड्याचे’ गुण झरझर उतरतात. पण बुरशी मेलेली नसते, तिला रान मोकळे मिळालेले असते, आणि महिन्याभरात नायटा दुप्पट होऊन परततो. भारतात गेल्या दशकभरात पसरलेल्या हट्टी नायट्यामागे या मलमांचा गैरवापर हे एक कारण आहे. म्हणून तळहाताचे माप आणि दहा प्रश्न एकमेकांना पर्याय नाहीत. दोन्ही लागतात, आणि पुन्हा पुन्हा लागतात. उपचारानंतर गुण किमान ४ ने उतरले, तरच रुग्णाला खरा फरक पडला असे धरले जाते.

त्वचारोगाने माणूस सहसा मरत नाही, म्हणून तो आरोग्याच्या हिशेबात मागे पडतो. पण न मारता छळणाऱ्या आजारांची जागतिक मोजणी २०१० साठी झाली, तेव्हा त्वचारोग चौथ्या क्रमांकावर निघाले. त्यांना जगभरातला आरोग्यप्रश्न म्हणून प्राधान्य देणारा ठराव जागतिक आरोग्य परिषदेने २०२५ च्या मे महिन्यात केला. ठरावाची पुढची पायरी मात्र गावातल्या बाह्यरुग्ण विभागातच चढायची आहे. शंभर रुग्णांच्या रांगेत डॉक्टरांना दहा प्रश्न विचारायला सवड मिळेलच असे नाही. ते काम परिचारिका करू शकते, आशा कार्यकर्ती करू शकते, बांबोळीच्या इस्पितळाकडे जाणाऱ्या बसची वाट पाहताना रुग्ण स्वतःही करू शकतो.

तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल, तेव्हा चट्टा दाखवून गप्प बसू नका. या आठवड्यात त्या चट्ट्यामुळे कोणती तीन कामे अडली, तेही सांगा. ती तपासणीत दिसत नाहीत, तुम्ही सांगितलीत तरच कळतात.