संगणकाचा मगज बदलताना

भिवंडीच्या आमच्या कापड दुकानात तीन काउंटरची बिले मागच्या खोलीतल्या एका जुन्या संगणकावर जमा होत. त्यावर फ्री बीएसडी ही प्रणाली होती. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या युनिक्समधून ती निघाली आणि १९९३ पासून या नावाने चालते. परवान्याचे पैसे पडत नाहीत म्हणून आम्ही ती घेतली, दुसरे कारण नाही.

प्रणालीच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. फौजेतला कर्नल नव्हे. बदाम फोडल्यावर आत मगज निघतो, तसा हा. डिस्क, मेमरी, नेटवर्क यांच्याशी सगळा व्यवहार याच्याच मार्फत. प्रणालीबरोबर येणाऱ्या कर्नलचे नाव जेनेरिक. तो बहुतेक यंत्रांवर चालावा म्हणून त्यात ढीगभर उपकरणांची सोय भरलेली असते. आमच्या यंत्राची मेमरी बेताची. नको ते काढले तर यंत्र हलके होईल, असे भाच्याने सुचवले आणि आम्ही होकार दिला. तोही ऑगस्ट २०११ मध्ये, ऐन रमजानच्या गर्दीत. ही चूक आमचीच.

भाच्याने जेनेरिकच्या यादीची नक्कल केली, तिला ‘दुकान’ नाव दिले, नको त्या ओळी काढल्या. ‘मेक बिल्डकर्नल’ने कर्नल बांधला, ‘मेक इन्स्टॉलकर्नल’ने बसवला. बसवताना प्रणाली चालू कर्नल फेकत नाही, ‘कर्नल डॉट ओल्ड’ नावाने बाजूला ठेवते. त्यामुळे भाचा निर्धास्त होता.

यंत्र सुरू झाले, पण नेटवर्क कार्डाची ओळही उडाली होती. काउंटरवरून मागचा संगणक दिसेना. भाच्याने ती ओळ परत घातली, त्याच बैठकीत आणखी चार ओळी कमी केल्या आणि लगेच दुसरा कर्नल बसवला. त्या चारांत हार्ड डिस्कची ओळ गेली. आता यंत्र अर्ध्यावर थांबून मूळ डिस्क कुठे आहे, असे विचारू लागले.

सुरुवातीलाच थांबवून ‘बूट कर्नल डॉट ओल्ड’ असा हुकूम दिला. यंत्र उठले, नेटवर्क मात्र नाहीच.

“मामू, हा जेनेरिक नव्हे, आपला सकाळचाच आहे.”

जुन्यासाठी जागा एकच. दुसरा कर्नल बसवताना सकाळचा बिघडलेला तिथे गेला आणि चांगला जेनेरिक पुसला गेला. काउंटरवर गिऱ्हाईक उभे, आणि आम्ही कार्बन घालून हाताने बिले लिहीत होतो.

हिशेब डिस्कवर शाबूत होता, कर्नल बदलल्याने तो जात नाही. शिवाय भाच्याने मूळ यादीला हात लावला नव्हता, नक्कलच बदलली होती. मूळ मजकूर डिस्कवर असल्याने इंटरनेटचीही गरज पडली नाही. जेनेरिक पुन्हा बांधायला लावला. जुन्या यंत्राने रात्र घेतली. सकाळी काउंटर जोडले गेले. तेवढीही सोय नसती, तर प्रणाली बसवण्याच्या सीडीवरून यंत्र उठवून कर्नल परत आणावा लागला असता.

त्याच दिवशी चालत्या कर्नलची एक प्रत ‘कर्नल डॉट असली’ नावाने वेगळी ठेवली. तिला प्रणाली आपणहून हात लावत नाही. पुढे भाच्याला ‘नेक्स्टबूट’ची माहिती मिळाली. नवा कर्नल वेगळ्या नावाने बसवून तो फक्त पुढच्या एका वेळेसाठी लावता येतो. अडला तर यंत्र बंद करून चालू करावे, नेहमीचा कर्नल परत येतो. लिनक्सच्या बहुतेक प्रकारांत मागचे कर्नल सुरुवातीच्या यादीतच दिसतात, तिथे हा प्रसंग सहसा येत नाही.

हलक्या कर्नलने वाचली असती थोडीशी मेमरी. ईद झाल्यावर आम्ही बाजारातून मेमरीची जादा पट्टी आणून बसवली आणि जेनेरिकच चालू ठेवला.